फर्लोचे ८० टक्के: सरकारचे किती, मालकाचे किती?

‘१ सप्टेंबरपासून सरकार पगाराच्या ८० ऐवजी ७० टक्केच देणार.’ २०२० साली ब्रिटनमध्ये ही ओळ वाचून साथीमुळे ‘फर्लो’वर, म्हणजे पटावर ठेवून सरकारी अनुदानावर घरी बसवलेल्या कामगाराला आपला पगार १० टक्क्यांनी घटला असं वाटणं साहजिक होतं. मालकाचाही तसाच समज होऊ शकत होता, आणि त्या समजातून त्याने पगार कमी काढला तर त्या कामगाराचं सगळं अनुदानच हातचं जाण्याची वेळ येत होती. कारण कामगाराला द्यायचे होते ते ८० टक्केच. घटला होता तो सरकारचा हिस्सा. मधले १० टक्के मालकाने पदरचे घालायचे होते, आणि ऑक्टोबरमध्ये २० टक्के.

साथीच्या काळात पगाराला सरकारी आधार द्यायचा, तर मालकाकडून वाटा घ्यायचा का, किती घ्यायचा आणि कधीपासून, हा प्रश्न बऱ्याच देशांपुढे आला. समजून घ्यायला ब्रिटनचं उदाहरण सगळ्यात उपयोगी आहे. तिथे हा वाटा दोनदा बसवला, मधे एकदा काढून घेतला, आणि वेगळ्याच गणिताची एक योजना तर सुरू होण्याच्या आदल्या संध्याकाळी गुंडाळून ठेवली. वाटा नेमका कुठे बोचतो ते या उलटापालटीतून स्वच्छ दिसतं.

आधी मूळ योजना

‘फर्लो’ हा शब्द मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे तो कैद्यांच्या संचित रजेच्या बातम्यांमुळे. ब्रिटनच्या कामगार कायद्यातही २०२० च्या मार्चपर्यंत या शब्दाला काही जागा नव्हती. २० मार्च २०२० ला अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी ‘कोरोनाव्हायरस जॉब रिटेन्शन स्कीम’ जाहीर केली आणि तो घरोघरी पोचला. मालकांना सांगणं साधं होतं: माणसाला काढू नका, पटावर ठेवा, घरी बसवा. त्याच्या पगाराचे ८० टक्के, महिन्याला जास्तीत जास्त २,५०० पौंड, सरकार देईल. योजना १ मार्चपासून, म्हणजे मागच्या तारखेने लागू झाली. दावे भरायचं पोर्टल २० एप्रिलला उघडलं.

पैसा कामगाराच्या खात्यात थेट जात नसे. मालकाने नेहमीसारखा पगार काढायचा, त्यातून प्राप्तिकर आणि कामगाराच्या बाजूच्या इतर कपाती करायच्या, आणि एचएमआरसीकडे, म्हणजे तिथल्या करखात्याकडे, दावा दाखल करायचा. साधारण सहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम मालकाच्या खात्यात येई. ८० टक्के हे कपातीच्या आधीचे. हातात येणारी रक्कम त्याहून कमी, हे पगाराची स्लिप पाहिल्यावर कळायचं. पहिल्या टप्प्यात कामगाराचं नाव १९ मार्च २०२० पर्यंत करखात्याकडच्या पगाराच्या नोंदीत असणं सक्तीचं होतं, आणि एकदा फर्लोवर पाठवलं की किमान तीन आठवडे. त्या काळात त्या मालकाचं कसलंही काम करायचं नाही. प्रशिक्षण चालत होतं, पण प्रशिक्षणाच्या तासांना किमान वेतनाचा दर लागू होता.

जुलै २०२० अखेरपर्यंत मालकाचा वाटा शून्य होता. एवढंच नव्हे, पगार काढला की मालकाच्या डोक्यावर येणारे दोन खर्चही सरकार भरून देत होतं. एक नॅशनल इन्शुरन्सचा मालकाचा हप्ता: २०२०-२१ मध्ये महिन्याच्या ७३२ पौंडांवरच्या पगारावर १३.८ टक्के. दुसरी पेन्शन: ५२० पौंडांवरच्या पगारावर किमान ३ टक्के. आपल्याकडे पीएफ आणि ईएसआयमध्ये मालकाची बाजू असते, तसंच हे. पुढच्या सगळ्या गणितात हे दोन खर्च पाठ सोडत नाहीत, म्हणून ते लक्षात ठेवावेत.

८ मे २०२० ला एका दिवशी ८९ लाख लोक फर्लोवर होते. तो उच्चांक. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, २९ मेला, मालकाच्या वाट्याचं वेळापत्रक जाहीर झालं.

वाटा मागायचाच कशाला?

सरकारच्या तिजोरीवरचा भार हे एक कारण होतंच. पण खरं कारण वेगळं आहे. माणूस घरी बसवणं मालकाला फुकट पडत असेल, तर धंदा थोडाफार सुरू झाला तरी त्याला परत बोलावण्याची घाई राहत नाही. पुन्हा कधीच उघडणार नाही अशा विभागातली नोकरीही कागदावर जिवंत राहते. मालकाला पदरचे शंभर पौंड घालायला लागले की तो एकेका नावासमोर थांबून विचार करतो: हा माणूस मला पुढे लागणार आहे का? लागणार असेल तर तो पैसे घालतो. सरकारला जी माहिती कुठल्याही फॉर्ममधून मिळाली नसती, ती मालकाच्या खिशातून मिळते.

हा तर्क मला पटतो. मात्र त्यात एक गृहीतक दडलेलं आहे: मालकाकडे तेव्हा घालायला पैसे आहेत. गिऱ्हाईक येऊ शकतंय, पण मालक आळस करतोय, अशा वेळी वाटा हे चांगलं औषध आहे. दुकान सरकारच्याच हुकमाने बंद असेल, तर तोच वाटा नोकरीची परीक्षा घेत नाही. बँकेतली शिल्लक किती, एवढंच तो मोजतो.

एका पगाराचं गणित

लेस्टरमधल्या एका रेस्टॉरंटमधला आचारी धरू. पगार महिन्याला २,००० पौंड, पूर्णवेळ फर्लोवर. त्याला मिळणार १,६०० पौंड. मालकाचा नॅशनल इन्शुरन्स निघतो १,६०० वजा ७३२, म्हणजे ८६८ वर १३.८ टक्के: ११९.७८ पौंड. पेन्शन १,०८० वर ३ टक्के: ३२.४० पौंड. दोन्ही मिळून १५२.१८.

जुलैपर्यंत हे सगळं सरकारचं. (लहान मालकांना नॅशनल इन्शुरन्सवर वर्षाला ४,००० पौंडांची सूट होती. तो हप्ता या सवलतीत बसत असेल तर त्याचा दावा करायचा नव्हता, आणि सूटही घेतली, दावाही केला, अशी चूक होणं सोपं होतं.)

ऑगस्ट २०२०: सरकार १,६०० देतं. इन्शुरन्स आणि पेन्शन आता मालकाकडे: १५२.१८.
सप्टेंबर: सरकार ७० टक्के, १,४००. मालक २०० अधिक १५२.१८, म्हणजे ३५२.१८.
ऑक्टोबर: सरकार ६० टक्के, १,२००. मालक ४०० अधिक १५२.१८, म्हणजे ५५२.१८.

आचाऱ्याच्या स्लिपवर तिन्ही महिने १,६०० च. मालकाच्या बाजूला मात्र तीन महिन्यांत खर्च साडेतीन पटींहून वर गेला. ‘मालकाचा वाटा २० टक्के’ असं म्हटलं जातं तेव्हा ते १५२ पौंड मोजलेले नसतात. हा आचारी नेहमीसारखा कामावर असता तर पगार, इन्शुरन्स, पेन्शन धरून मालकाला सुमारे २,२१९ पौंड पडला असता. म्हणजे ऑक्टोबरमध्ये एकही भाजी चिरली न जाता मालक त्या खर्चाचा जवळजवळ चौथा हिस्सा भरत होता. असे १२ जण घरी असतील तर ऑगस्टमध्ये १,८२६ पौंड, ऑक्टोबरमध्ये ६,६२६.

मोठ्या पगाराला मर्यादा आडवी येते. पगार ४,००० असेल तर ८० टक्के होतात ३,२००, पण योजनेची कमाल २,५००. ऑक्टोबरमध्ये सरकारची कमाल १,८७५ वर आली (सप्टेंबरमध्ये २,१८७.५०), आणि मालकाला २,५०० पुरे करण्यासाठी ६२५ घालणं भाग होतं. वर इन्शुरन्स आणि पेन्शनचे ३०३.३८. एकूण ९२८.३८.

लेस्टरचंच उदाहरण घेण्याला कारण आहे. इंग्लंडमध्ये रेस्टॉरंटं ४ जुलैला उघडली, पण लेस्टरमध्ये स्थानिक टाळेबंदी होती आणि तिथल्यांना ३ ऑगस्टपर्यंत वाट पाहावी लागली. मालकाचा वाटा मात्र सगळ्या देशात एकाच तारखेला, १ ऑगस्टला सुरू झाला. लंडनच्या हॉटेलवाल्याने महिनाभराची विक्री करून पहिला हप्ता भरला. लेस्टरच्याने शटर उघडायच्या आधीच भरायला सुरुवात केली.

अर्धवट फर्लो: चुका इथे होतात

१ जुलै २०२० पासून माणसाला काही तास कामावर आणि उरलेले तास फर्लोवर ठेवता येऊ लागलं. कल्पना उत्तम. हिशेब किचकट.

आधी ‘नेहमीचे तास’ काढायचे. आपला आचारी आठवड्याला ३७.५ तासांचा. ३७.५ ला ७ ने भागा आणि ऑक्टोबरच्या ३१ दिवसांनी गुणा: १६६.०७. नियम असा की अपूर्णांक आला की पुढचा पूर्ण आकडा घ्यायचा, म्हणून १६७. समजा तो प्रत्यक्ष ६७ तास कामावर आला. फर्लोचे तास १००.

६७ तासांचा पूर्ण पगार, सुमारे ८०२ पौंड, मालकाचा. १०० तासांसाठी कामगाराला मिळणार १,६०० गुणिले १०० भागिले १६७, म्हणजे ९५८.०८. त्यातले सरकारचे ७१८.५६ आणि मालकाचे २३९.५२. कमाल मर्यादेलाही हाच गुणक लावायचा: १,८७५ ची झाली १,१२२.७५. मर्यादा तासांच्या प्रमाणात कमी न करता पूर्ण लावली, की मोठ्या पगाराच्या माणसामागे जास्तीचा दावा झालाच.

आता महिना संपायच्या आधी दावा भरला आणि शेवटच्या आठवड्यात गर्दी वाढली म्हणून आचारी ६७ ऐवजी ७७ तास आला, तर? फर्लोचे तास उरले ९०. सरकारचा हिस्सा ६४६.७१. घेतलेले ७१.८५ पौंड जास्तीचे ठरले. रक्कम लहान वाटते, पण बारा माणसं आणि चार महिने धरले तर ती लहान राहत नाही. जास्तीचा दावा झाल्याचं ठरावीक मुदतीत, बहुतेक वेळा ९० दिवसांत, करखात्याला कळवायचं होतं. जाणूनबुजून लपवलं तर सगळी रक्कम परत, वर दंड. यावर उपाय एकच होता: तास नक्की होईपर्यंत अर्धवट फर्लोचा दावा भरायचा नाही. पण ज्याच्या खात्यात पगारापुरतेही पैसे नाहीत त्याला थांबणं परवडत नाही. अशी चूक नेहमी बेईमानीतून येत नाही, रोकडीच्या चणचणीतूनही येते.

दाव्याचा काळ महिन्याची हद्द ओलांडू शकत नव्हता. कारण प्रत्येक महिन्याचा टक्का वेगळा. दर दोन किंवा चार आठवड्यांनी पगार काढणाऱ्यांची इथे फार ओढाताण झाली: २१ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा एकच पगार, पण दावे दोन, एक ७० टक्क्यांचा आणि एक ६० टक्क्यांचा, दिवसांच्या प्रमाणात तोडलेले.

रजेची गोष्ट तर फारच दुर्लक्षित राहिली. फर्लोवर असताना वार्षिक रजा साठत राहते, आणि फर्लोच्या काळात रजा घेतली तर त्या दिवसांचा पगार पूर्ण द्यावा लागतो. सरकारी मदत नेहमीच्याच मापाने, वरचा फरक मालकाचा. म्हणजे ऑक्टोबरमध्ये आठवडाभर रजेवर असलेल्या आचाऱ्यामागे त्या आठवड्यात मालकाचा पगारातला वाटा २० टक्के नसून ४० टक्के होता. पगारपत्रक बनवणाऱ्याने रजेचा रकाना वेगळा ठेवला नसेल, तर कामगाराचं नुकसान व्हायचं आणि कोणाच्या ध्यानातही यायचं नाही.

पगार दर महिन्याला वेगळा असेल, म्हणजे तासांवर किंवा पाळ्यांवर काम असेल, तर दोन आकडे काढायचे: गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचा पगार आणि २०१९-२० या करवर्षाची सरासरी. मोठा असेल तो धरायचा. एकच आकडा काढून पुढे गेलेला मालक कामगाराचं तरी नुकसान करतो किंवा स्वतःचं तरी.

आणि सगळ्यात मोठी चूक सुरुवातीला सांगितली तीच: सरकारने ६० टक्के दिले, म्हणून कामगाराला ६० टक्के देणं. मालकाची भर ही त्या माणसाचा दावा करण्याची अटच होती. ती भर घातली नाही तर दावा कमी होत नव्हता, रद्द होत होता.

काढायचं की ठेवायचं: मालकाच्या वहीतला हिशेब

ऑक्टोबरचे ५५२ पौंड भरायचे, की माणूस कमी करायचा? ब्रिटनच्या कायद्यात दोन वर्षं नोकरी झालेल्या माणसाला नोकरकपातीची भरपाई मिळते. २२ ते ४० वयातल्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी एक आठवड्याचा पगार, त्याआधीच्या वर्षांना अर्धा, ४१ पासून दीड. आठवड्याच्या पगाराची तेव्हाची कमाल ५३८ पौंड. आपल्या आचाऱ्याचं वय ३५ आणि नोकरी सहा वर्षं असेल, तर सहा आठवडे गुणिले ४६१.५४, म्हणजे २,७६९ पौंड. ही रक्कम योजनेतून मागता येत नव्हती. म्हणजे त्याला काढणं आणि ऑक्टोबरच्या दराने पाच महिने ठेवणं, दोन्ही मालकाला सारखंच पडत होतं. मालक त्याला ठेवायचा.

त्याच्या शेजारी उभा राहणारा, वर्षभरापूर्वी लागलेला मदतनीस? भरपाई शून्य, नोटीस एक आठवड्याची. वाट्याचा टक्का कागदावर दोघांना सारखा, पण त्याचा वार नव्या, तरुण माणसावर पडतो. ज्यांना मदतीची सगळ्यात जास्त गरज त्यांच्या नोकऱ्या सर्वांत आधी तराजूत आल्या, आणि वेळापत्रक आखताना याचा विचार झालेला दिसत नाही.

तारखांचाही एक परिणाम होता. एका ठिकाणी २० किंवा अधिक माणसं कमी करायची तर कामगार प्रतिनिधींशी सल्लामसलत होऊन ३० दिवस जायला हवेत, १०० किंवा अधिक असतील तर ४५. योजना ३१ ऑक्टोबरला संपणार हे ठरलेलं, म्हणून मोठ्या कंपन्यांना सप्टेंबरच्या मध्यालाच निर्णय घ्यावा लागला. ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२० या तिमाहीत ब्रिटनमध्ये नोकरकपातीचा तोवरचा विक्रम झाला, त्या वेळच्या सरकारी आकड्यांनुसार सुमारे ३,७०,०००. मुदतवाढ आली तोवर यातल्या अनेकांची पत्रं निघून गेली होती.

एक तृतीयांशाची योजना, जी सुरूच झाली नाही

२४ सप्टेंबर २०२० ला सुनक यांनी फर्लोनंतरची ‘जॉब सपोर्ट स्कीम’ मांडली. कामगाराने किमान एक तृतीयांश तास काम करायचं. उरलेल्या तासांच्या पगाराचे तीन भाग: एक सरकारचा (कमाल ६९७.९२ पौंड), एक मालकाचा, एक कामगाराने सोडायचा. ऐकायला समन्यायी वाटतं. आकडे घाला.

२,००० पगाराचा माणूस एक तृतीयांश वेळ आला. कामाचे ६६७ पौंड मालकाचे. उरलेल्या १,३३३ पैकी मालकाचे ४४४. म्हणजे १,१११ पौंड देऊन मालकाला मिळालं एक तृतीयांश माणसाचं काम. असे तिघे ठेवले तर एका माणसाच्या कामाला ३,३३३ पौंड. एकालाच पूर्णवेळ ठेवून दोघांना काढलं तर २,०००. तिघांना वाचवायला निघालेली योजना दोघांना काढणाऱ्यालाच दरमहा १,३३३ पौंड वाचवून देत होती.

ही गोष्ट लगेच बोलली गेली. २२ ऑक्टोबरला योजना दुरुस्त झाली: किमान काम २० टक्के, आणि न केलेल्या तासांत मालकाचा वाटा ३३ ऐवजी फक्त ५ टक्के, कमाल १२५ पौंड. आता २० टक्के कामासाठी मालकाला पडणार होते २४ टक्के. कायद्याने बंद ठेवलेल्या धंद्यांसाठी वेगळा विभाग होता, त्यात सरकार दोन तृतीयांश पगार देणार आणि मालकाकडे फक्त इन्शुरन्स आणि पेन्शन. याच दोन तृतीयांशावरून ग्रेटर मँचेस्टरचे महापौर अँडी बर्नहॅम यांनी सरकारशी उघड भांडण मांडलं. मार्चमध्ये सगळा देश बंद होता तेव्हा ८० टक्के, आणि आता उत्तरेकडची शहरं बंद करताना ६७ का, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता.

३१ ऑक्टोबरला, शनिवारी संध्याकाळी, इंग्लंडसाठी दुसरी टाळेबंदी जाहीर झाली आणि काही तासांत संपणारी फर्लो योजना पुढे चालू राहिली. १ नोव्हेंबरपासून सरकार पुन्हा ८० टक्के, मालकाकडे फक्त इन्शुरन्स आणि पेन्शन. म्हणजे ऑगस्टच्या पायरीवर परत. १ डिसेंबरपासून नोटिशीवर असलेल्या माणसाचा दावा मात्र बंद झाला, आणि दावा भरण्याची मुदत महिना संपल्यावर १४ दिवसांवर आली.

दुसऱ्यांदा तीच चूक

योजना आधी मार्च, मग एप्रिल, आणि ३ मार्च २०२१ च्या अर्थसंकल्पात सप्टेंबर २०२१ पर्यंत वाढली. वाटा पुन्हा पायऱ्यांनी: जुलैत १० टक्के, ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये २०. वेळापत्रक बनलं तेव्हा इंग्लंडमधले निर्बंध २१ जूनला उठतील असा अंदाज होता. ते उठले १९ जुलैला. नाइटक्लब तोवर कायद्याने बंद, पण १० टक्के १ जुलैपासूनच सुरू.

फ्रान्सने हे वेगळ्या पद्धतीने केलं. तिथे १ जून २०२० पासून कामगाराला मिळणाऱ्या भरपाईचे ८५ टक्के सरकार आणि १५ टक्के मालक अशी वाटणी झाली, पण पर्यटन, हॉटेल यांसारख्या सर्वाधिक फटका बसलेल्या क्षेत्रांना पूर्ण परतावा चालू राहिला. वाटा धंद्याच्या अवस्थेला बांधला, कॅलेंडरला नाही. माझ्या मते धडा घ्यायचा तर इथून घ्यावा. क्षेत्रांच्या सीमा आखताना भांडणं होतात हे खरं. हॉटेलला चादरी धुऊन देणारी लाँड्री कुठल्या क्षेत्रात धरायची? तरीही ‘सरकारच्या आदेशाने बंद’ ही एक सीमा तरी आखणं ब्रिटनला सहज जमलं असतं. जॉब सपोर्ट स्कीममध्ये ती आखलेलीच होती.

३० सप्टेंबर २०२१ ला योजना बंद झाली तेव्हा सुमारे ११.६ लाख लोक फर्लोवर होते. बेकारी उसळेल अशी भीती होती. ती उसळली नाही. वर्षअखेर बेकारीचा दर ४ टक्क्यांच्या आसपास होता आणि रिकाम्या जागा १२ लाखांवर गेल्या होत्या. दुसऱ्या वेळचा २० टक्के वाटा मालकांना झेपला, कारण तेव्हा दुकानं उघडी होती. एकूण हिशेब: १.१७ कोटी नोकऱ्या, १३ लाख मालक, सुमारे ७,००० कोटी पौंड.

भारतातून पाहताना

पुण्या-मुंबईहून वर्क व्हिसावर गेलेल्यांना तेव्हा एक भीती होती, की फर्लोचे पैसे घेणं म्हणजे सरकारी मदत घेणं, आणि ते व्हिसाच्या आड येईल. तसं नव्हतं. फर्लोचं अनुदान या अर्थाने सरकारी मदतीत मोजलं जात नव्हतं, आणि प्रायोजक कंपनीला व्हिसावरच्या माणसाचा पगार ८० टक्के किंवा २,५०० पौंड यांतल्या कमी रकमेपर्यंत तात्पुरता खाली आणायची मुभा होती.

भारतात सरकारने पगाराचा असा थेट हिस्सा उचलला नाही. २९ मार्च २०२० च्या केंद्रीय गृहमंत्रालयाच्या आदेशाने टाळेबंदीतल्या पूर्ण पगाराचा भार मालकावर टाकला. १८ मेपासून तो आदेश मागे गेला, आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी बोलणी करून मार्ग काढावा असं सांगितलं. मदत आली ती पीएफच्या वाटेने: १०० पर्यंत कामगार आणि त्यातले ९० टक्के १५,००० रुपयांच्या आतले असतील, तर मार्च ते ऑगस्ट २०२० या काळातले दोन्ही बाजूंचे मिळून २४ टक्के सरकारने भरले. ज्याचा पीएफ कापलाच जात नव्हता त्याला यातून काही मिळालं नाही. ब्रिटनमध्येही तसंच: १९ मार्चपर्यंत करखात्याच्या नोंदीत नाव नसलेला माणूस सुरुवातीच्या योजनेबाहेर राहिला. साथ येण्याच्या आधी कोणाची नोंद झाली होती, यावर दोन्हीकडे मदत ठरली.

अजून कपाटात ठेवायचे कागद

ज्यांनी त्या काळात ब्रिटनमध्ये धंदा चालवला त्यांच्यासाठी हे प्रकरण मिटलेलं नाही. प्रत्येक माणसामागे दावा केलेली रक्कम, दाव्याचा क्रमांक, हिशेबाची आकडेमोड, आणि अर्धवट फर्लो असेल तर नेहमीचे तास आणि प्रत्यक्ष तास, हे सगळं सहा वर्षं जपायचं आहे. फर्लोवर पाठवल्याचं लेखी पत्र पाच वर्षं. म्हणजे सप्टेंबर २०२१ च्या शेवटच्या दाव्याचा कागद २०२७ च्या शरदापर्यंत हाताशी हवा. मिळालेलं अनुदान मालकाच्या उत्पन्नात धरायचं होतं आणि दिलेला पगार खर्चात. त्या वर्षीच्या ताळेबंदात फक्त खर्च लागलेला आणि अनुदान कुठेच दाखवलेलं नसेल, तर अकाउंटंटकडे जाण्याचं पहिलं कारण तेच.